विद्युतप्रवाहाने कलिल चांदी: विज्ञान प्रदर्शनासाठी घरी करताना पाणी, प्रवाह आणि पायऱ्यांचा क्रम

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की इंदूरच्या शाळांतून प्रकल्पांची धावपळ सुरू होते आणि रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या घरी चांदीच्या दोन तारा, बॅटरी आणि पाण्याचा पेला घेऊन कलिल चांदीचा, म्हणजे पाण्यात पसरून राहिलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा, प्रयोग मांडला जातो. बहुतेक वेळा शेवटी हाती येते ते पांढुरके गढूळ पाणी किंवा तळाशी काळी राख बसलेले करडे पाणी. दोष चांदीचा नसतो. पाणी चुकीचे असते किंवा प्रवाहावर लगाम नसतो, आणि या दोन चुका सुरुवातीलाच झाल्या की पुढे कितीही काळजी घेतली तरी उपयोग होत नाही. म्हणून या लेखात तयारीवर सर्वांत जास्त जागा खर्च केली आहे.

हा प्रयोग टिंडाल परिणाम (सूक्ष्म कणांमुळे प्रकाशकिरणाची वाट दिसणे), विद्युत अपघटन (विजेच्या प्रवाहाने द्रावणात होणारा रासायनिक बदल) आणि फॅरेडेचा नियम (वाहिलेल्या विजेवरून सुटलेल्या धातूचा हिशेब) दाखवण्यासाठी आहे. तयार होणारे पाणी पिण्यासाठी नाही, डोळ्यांत किंवा नाकात घालण्यासाठी नाही आणि जखमेवर लावण्यासाठीही नाही. त्याची कारणे पुढे स्वतंत्रपणे दिली आहेत. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने ती वाचावीत.

## आधी हे वाचा: हे पाणी का पिऊ नये

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा एका लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आपण जे द्रावण करणार आहोत त्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे या मर्यादेच्या शंभरपट चांदी असेल. पोटात जाणारी चांदी शरीरात साठत राहते, आणि पुरेशी साठली की त्वचा, नखे आणि हिरड्या निळसर-करड्या पडतात. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि ती छटा सहसा कायमची राहते. काही प्रतिजैविके आणि थायरॉईडच्या गोळ्या यांचे शोषणही चांदीमुळे कमी होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले की कलिल चांदी असलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानली जात नाहीत.

आपल्याकडे बाळाला चांदीच्या बोंडल्याने दूध पाजण्याची रीत आहे, आणि तिचा दाखला देऊन ‘मग हे पाणी प्यायला काय हरकत आहे’ असे हमखास विचारले जाते. बोंडल्यातील चांदी धातूच्या रूपात भांड्यातच राहते. इथे मात्र आपण विजेच्या जोरावर ती मुद्दाम पाण्यात उतरवत आहोत. या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही.

## टप्पा १: साहित्य जमवणे

चांदीची तार. ९९.९ टंचाची, साधारण २ मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. १५-१५ सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. सराफ्यात विचारताना ‘दागिन्याची तार’ न म्हणता ‘शुद्ध चांदीची, भेसळ न केलेली तार’ असे स्पष्ट सांगावे आणि पावतीवर टंच लिहून घ्यावा. दागिन्यांच्या ९२.५ टंच चांदीत उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो आणि तेही पाण्यात उतरते. जुनी नाणी, तुटलेले पैंजण किंवा देवघरातील निरांजन यांपैकी काहीही वापरू नये. त्यांत तांबे असते आणि झाळलेल्या जोडात आणखी वेगळे धातू असतात. तार घ्यायला दिवसाच जावे, कारण रात्री सराफ्यातल्या दुकानांच्या ओट्यांवर खाऊगल्ली भरते आणि पेढ्या बंद असतात.

बॅटरी. ९ व्होल्टच्या ३ बॅटऱ्या एकसर जोडल्या की २७ व्होल्ट मिळतात. भिंतीवरच्या विजेचा कोणताही अडॅप्टर, जुना चार्जर किंवा घरी बनवलेला ट्रान्सफॉर्मर मुलांच्या हाती पाण्याजवळ देऊ नये. बॅटऱ्यांमुळे वीज गेली तरी प्रयोग अर्धवट राहत नाही, हा आणखी एक फायदा.

रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग. २७ किलोओहम, पाव वॅटचा. त्यावर लाल, जांभळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो काही रुपयांत मिळावा. संपूर्ण मांडणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी वस्तू हीच.

इतर साहित्य. मल्टिमीटर, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे), अर्ध्या लिटरहून मोठे काचेचे बीकर, काचेची कांडी, क्रोकोडाइल क्लिपा, तारा आडव्या धरून ठेवण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी, कमी शक्तीचा लेसर पॉइंटर, गडद तपकिरी काचेची बाटली, आणि शेवटच्या टप्प्यासाठी शुद्ध डेक्स्ट्रोज व धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. काचसामान आणि रसायने दवा बाजाराच्या परिसरात चौकशी केल्यास सापडतात.

> तपासणी: स्टीलचे पातेले, तांब्याचा गडू किंवा प्लॅस्टिकचा डबा यांपैकी काही बीकरच्या जागी ठेवले असेल तर ते आत्ताच बदलावे.

## टप्पा २: पाणी

इथे घाई करू नये. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनही घातलेले असते. बोअरिंगचे पाणी तर त्याहून जड. अशा पाण्यातल्या क्लोराइडशी चांदीच्या आयनांची (विद्युतभारित अणूंची) गाठ पडताच सिल्व्हर क्लोराइड तयार होते, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात दिसणारा पांढरा ढग हाच. अनेक जण या ढगाला ‘चांदी तयार झाली’ समजून आनंदतात; प्रत्यक्षात तिथे प्रयोग फसलेला असतो.

आरओचे पाणीही चालत नाही. ते गोडे लागते, पण त्यात क्षार उरलेले असतात आणि पुष्कळ यंत्रे चवीसाठी थोडे क्षार पुन्हा मिसळतात. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याची तीच गत आहे. उकळून गार केलेले पाणी तर आणखी वाईट, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी काही वेळा चालते आणि काही वेळा नाही, म्हणून लेबलावर विसंबू नये. टीडीएस मीटरवर ० किंवा १ दाखवणारे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच घ्यावे. मीटर ३ किंवा त्याहून वर गेले तर तो कॅन इन्व्हर्टरसाठीच ठेवून द्यावा.

पाणी चांगले मिळाले आणि बीकर मात्र भांडी घासायच्या साबणाने धुऊन नळाखाली खळबळला, तर सगळे मुसळ केरात. बीकर, कांडी आणि चांदीच्या तारा शेवटी याच ऊर्ध्वपातित पाण्याने ३ वेळा खळबळाव्यात आणि फडक्याने न पुसता उपड्या ठेवून निथळू द्याव्यात. त्यानंतर तारांच्या बुडणाऱ्या भागाला बोट लावू नये, कारण घामातही मीठ असते.

> तपासणी: धुतलेल्या बीकरमध्ये ५०० मिलिलिटर पाणी ओतून टीडीएस पुन्हा मोजावा. बाटलीतले पाणी ० आणि बीकरमधले ४ दाखवत असेल तर दोष बीकरचा आहे, पुन्हा धुवावा.

## टप्पा ३: जोडणी

१. पट्टीला ४ सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडून चांदीच्या तारा त्यांतून खाली सोडाव्यात. प्रत्येक तार १० सेंटिमीटर पाण्यात राहील आणि दोन्ही समांतर असतील असे पाहावे. बीकर उथळ असल्यामुळे तार तेवढी बुडत नसेल तर उंच, अरुंद बीकर घ्यावा. तारेची गुंडाळी करू नये.

२. क्रोकोडाइल क्लिपा पट्टीच्या वरच्या बाजूला, पाण्यापासून दूर लावाव्यात. क्लिप पाण्याला टेकली की तिचा धातू चांदीच्या आधी विरघळू लागतो.

३. तिन्ही बॅटऱ्या एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला अशा जोडाव्यात. मोकळ्या राहिलेल्या टोकांवर मल्टिमीटरने २७ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे; बॅटऱ्या नव्या असतील तर थोडे जास्तच दिसेल.

४. बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून पहिली तार (धनाग्र), आणि दुसऱ्या तारेपासून (ऋणाग्र) बॅटरीचे ऋण टोक, असा मार्ग पूर्ण करावा. शेवटची जोडणी आत्ता सोडून ठेवावी.

रेझिस्टरचे काम समजून घेणे आवश्यक आहे. शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही, म्हणून सुरुवातीला प्रवाह अगदी कमी असतो. चांदीचे आयन उतरू लागले की पाण्याची वाहकता वाढते, त्यामुळे प्रवाह वाढतो, त्यामुळे आणखी चांदी उतरते, आणि हे चक्र वेग घेत जाते. मोकळे सोडले तर ऋणाग्रावर काळी लव झपाट्याने वाढते, तिचे तुकडे गळून पडतात आणि पाणी करडे होते. २७ व्होल्टला २७ किलोओहम आड घातले की दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या तरी प्रवाह १ मिलिअँपिअरच्या वर फारसा जाऊ शकत नाही. बुडालेल्या १० सेंटिमीटर तारेसाठी एवढा प्रवाह पुरेसा आहे.

दुकानदार पुष्कळदा रेझिस्टरऐवजी एलएम ३१७ हे आयसी सुचवतात. प्रवाह स्थिर ठेवण्यासाठी ते चांगले आहे, पण त्याला नीट चालण्यासाठी काही मिलिअँपिअर प्रवाह लागतोच, त्यामुळे १ मिलिअँपिअरच्या या कामात ते बसत नाही.

## टप्पा ४: प्रवाह सुरू करणे आणि नोंदी

शेवटची जोडणी करावी, वेळ लिहावी आणि मल्टिमीटर व्होल्टच्या मापावर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावावा. आलेल्या आकड्याला २७ ने भागले की प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मिळतो. मीटरवर ८.१ व्होल्ट असतील तर प्रवाह ०.३ मिलिअँपिअर. अशा रीतीने मोजल्यास मांडणी मध्येच तोडून मीटर घुसवावा लागत नाही.

> तपासणी: सुरू केल्या केल्या प्रवाह ०.६ मिलिअँपिअरच्या वर असेल तर पाणी अशुद्ध आहे. थांबावे आणि टप्पा २ पुन्हा करावा. प्रवाह अजिबात नसेल तर क्लिपा आणि बॅटऱ्यांची दिशा पाहावी.

त्यानंतर दर १५ मिनिटांनी पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजून वहीत लिहावेत.

२. बॅटरीची एक जोडणी सोडवावी.

३. ऋणाग्रावर जमलेली करडी-काळी लव, तार वर काढून, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या साध्या टिश्यूने पुसावी. हातमोजे घालावेत, कारण चांदीचे द्रावण बोटांना आणि कपड्यांना लागले की उजेडात काळे डाग पडतात.

४. दोन तारांची अदलाबदल करावी, म्हणजे धनाग्र होते ते ऋणाग्र होईल. यामुळे दोन्ही तारा सारख्या झिजतात आणि लव साचत नाही.

५. काचेच्या कांडीने सावकाश ढवळून जोडणी पुन्हा करावी.

पुसण्याआधी अदलाबदल केली तर ऋणाग्रावरची सैल लव धनाग्रावर जाऊन सुटते आणि तिचे मोठे कण पाण्यात पसरतात. ही चूक फार जण करतात; एका वेळची आळसाची अदलाबदल पुढच्या दोन तासांचे काम घालवू शकते. मधल्या वेळातही दर ३-४ मिनिटांनी एकदा अलगद ढवळावे. पाणी स्थिर राहिले तर तारांमध्ये धुक्याचा पट्टा उतरताना दिसतो. दिसायला तो सुरेख असतो, पण तिथे चांदी एकाच जागी गोळा होऊन कण मोठे होत असतात.

## टप्पा ५: कधी थांबायचे

‘पाणी पिवळे होईपर्यंत चालू ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि टीडीएस मीटरवरचा आकडा म्हणजे चांदीचे प्रमाण हा समजही चुकीचा आहे. ते मीटर पाण्याची वाहकता मोजते आणि साध्या क्षारांच्या हिशेबाने आकडा दाखवते. शिवाय धातूचे कलिल कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. पाण्याच्या शुद्धतेसाठी ते वापरावे, चांदी मोजण्यासाठी नाही.

चांदीचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने करावा. चांदीचे अणुवस्तुमान १०७.८७ आहे आणि एका मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम असतो. त्यावरून १ मिलिअँपिअर प्रवाह १ तास वाहिला तर ४.०२ मिलिग्रॅम चांदी धनाग्रावरून सुटते. वहीतल्या नोंदींची सरासरी काढून तिला एकूण तासांनी आणि ४.०२ ने गुणावे. समजा सरासरी ०.५ मिलिअँपिअर आणि वेळ अडीच तास असेल, तर सुटलेली चांदी ५ मिलिग्रॅम होते. ती ५०० मिलिलिटर पाण्यात आहे, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. काही चांदी ऋणाग्रावर जमून पुसली गेलेली असते, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा. प्रदर्शनाच्या तक्त्यावर हे गणित जरूर मांडावे, कारण परीक्षकांच्या प्रश्नांना सगळ्यांत भक्कम उत्तर तेच देते.

१० च्या आसपास पोचल्यावर थांबावे. याच्या दुप्पट पुढे गेले की सिल्व्हर ऑक्साइड पाण्यात मावेनासे होते आणि तपकिरी-काळा गाळ दिसू लागतो.

## टप्पा ६: आयन आणि कलिल यांतला फरक दाखवणे

थांबल्यावर पाणी नितळ, रंगहीन दिसले तर निराश होऊ नये; प्रयोग नीट झाल्याची ती खूण आहे. या पाण्यातली बहुतेक चांदी आयनांच्या रूपात आहे. आयन प्रकाश विखुरण्याइतके मोठे नसतात, म्हणून अंधाऱ्या खोलीत लेसरचा किरण आरपार सोडला तर त्याची वाट अगदी पुसट दिसते किंवा दिसतच नाही. बाजारात आणि घरोघरी ज्याला कलिल चांदी म्हटले जाते ते पुष्कळदा असेच आयनांचे द्रावण असते. खरे कलिल करण्यासाठी आयनांचे धातूत क्षपण करावे लागते, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा धातू बनवावे लागते.

१. डेक्स्ट्रोजचे द्रावण करावे: १ ग्रॅम, १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. उन्हाळ्यात पितात ती जीवनसत्त्वे आणि खनिजे मिसळलेली ग्लुकोज पावडर चालणार नाही. तिच्यातल्या क्षारांमुळे चांदीचा साका बसतो.

२. सोड्याचे द्रावण करावे: १ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे.

३. तयार चांदीच्या पाण्यातले १०० मिलिलिटर दुसऱ्या स्वच्छ बीकरमध्ये घ्यावे. उरलेले तुलनेसाठी तसेच ठेवावे.

४. आधी डेक्स्ट्रोजचे १० थेंब घालून ढवळावे, मग सोड्याचे १० थेंब. क्रम उलटा करू नये. सोडा जास्त झाला तर क्षपणाआधीच ऑक्साइडचा तपकिरी ढग येतो.

५. बीकर गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हळूहळू तापवावे. वाफ निघू लागेल इतपत पुरे. उकळी आणू नये. गॅसच्या आचेवर बीकर थेट ठेवू नये.

काही मिनिटांत पाण्याला फिकट पिवळी झाक येते आणि ती गडद होत जाऊन सोनेरी पिवळ्यावर थांबते. चांदीचे अतिसूक्ष्म कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्यांपर्यंत पिवळा पोचतो. रंग स्थिर झाला की बीकर बाहेर काढावा. पिवळ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा करडा झाला तर कण एकत्र येऊन मोठे झाले आहेत असे समजावे.

> इशारा: या द्रावणात अमोनिया किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर कधीही मिसळू नये. चांदी आणि अमोनिया यांचे मिश्रण साठून राहिले तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

प्रदर्शनात तीन पेले शेजारी ठेवावेत: साधे ऊर्ध्वपातित पाणी, चांदीच्या आयनांचे पाणी आणि पिवळे कलिल. लेसर टेबलाला समांतर, कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीखाली बांधून ठेवावा आणि किरण पुढे काळ्या पुठ्ठ्यावर अडेल अशी सोय करावी. तिसऱ्या पेल्यातच किरणाची वाट उजळलेली दिसेल. तिन्ही पेल्यांवर ‘पिण्यासाठी नाही’ असे ठळक लिहावे. गर्दीत लहान मुले कुठल्याही पेल्याला तोंड लावतात.

## टप्पा ७: साठवण आणि विल्हेवाट

द्रावण गडद काचेच्या बाटलीत, नाव व तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली यासाठी मुळीच वापरू नये. फ्रीजमध्येही ठेवू नये. एकतर तिथे खाण्याच्या वस्तू असतात, आणि गोठले तर कलिलाचे कण कायमचे एकत्र येतात.

प्रदर्शन झाल्यावर द्रावण मोरीत, तुळशीच्या कुंडीत किंवा माशांच्या टाकीत ओतू नये. चांदी जलचरांना आणि मातीतल्या उपयुक्त जिवाणूंना घातक आहे. सगळे उरलेले पाणी एका काचेच्या बरणीत एकत्र करून त्यात चमचाभर मीठ घालावे, ढवळावे आणि काही दिवस स्थिर ठेवावे. ज्या क्लोराइडला आपण सुरुवातीपासून दूर ठेवले त्याचा इथे उपयोग होतो: आयनांचा पांढरा साका बसतो आणि कलिलाचे कणही गोळा होऊन तळाशी जातात. वरचे पाणी नितळ झाल्यावर गाळणकागदातून सावकाश गाळावे आणि साका बसलेला कागद वाळवून बंद डबीत घालून शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्यावा. तारा पुसून, कोरड्या करून, बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकून वेगळ्या ठेवाव्यात.